घर सोडल्यानंतरचा हिशेब : भाडेकरूची अनामत रक्कम आणि कायदा

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे बाजारपेठेचे गाव म्हणून सर्वांच्या परिचयाचे आहे. अहिल्यानगरकडून आष्टीकडे येणाऱ्या मार्गावरील या गावी कृषि उत्पन्न बाजार समिती आहे, बँका आहेत, अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्था आहेत. २३ सप्टेंबर २०२२ रोजी त्या वेळच्या अहमदनगरहून न्यू आष्टीपर्यंत प्रवासी रेल्वेगाडी सुरू झाली आणि कड्यालाही रेल्वेचे स्थानक लाभले. अशा गावात नोकरीच्या, व्यापाराच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने बाहेरगावची माणसे येऊन राहतात. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, ग्रामपंचायत अधिकारी, परिचारिका, दुकानांतून काम करणारी माणसे आणि शिकावयास आलेली मुले यांतील बहुतेकांना भाड्याच्या घराचाच आसरा घ्यावा लागतो.

घर भाड्याने घेताना सहसा वाद होत नाही. वाद होतो तो घर सोडताना. बदलीचा हुकूम आलेला असतो, नव्या गावी मुलांचे शाळाप्रवेश व्हावयाचे असतात, सामानाचा टेम्पो दाराशी उभा असतो. त्याच वेळी घरमालक रंगाचा खर्च, नळाची दुरुस्ती, विजेचे बिल, साफसफाई आणि एक महिन्याचे जादा भाडे अशी यादी पुढे करतो. कधी अनामत रकमेतील थोडेसे पैसे हाती ठेवले जातात, कधी तेही नाहीत, तर कधी वर आणखी पैशांची मागणी होते. माणूस घाईत असतो. 'जाऊ द्या' असे म्हणून तो निघून जातो. मात्र ही रक्कम पुष्कळदा तीन-चार महिन्यांच्या भाड्याइतकी असते. मासिक वेतनावर संसार चालविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ती लहान नव्हे.

या प्रश्नासंबंधी कायदा काय सांगतो, घरमालकाला कोणती रक्कम कापून घेता येते, कोणती येत नाही आणि वाद झाल्यास भाडेकरूने कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. गावातील लोक ज्यांच्याकडे सल्ल्यासाठी येतात त्या शिक्षकांना, पंचायत सदस्यांना आणि शासकीय कर्मचाऱ्यांना ती उपयोगी पडावी.

अनामत रक्कम कोणाची?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट व्हावयास पाहिजे. अनामत रक्कम ही भाडेकरूची असते. घरमालकाजवळ ती केवळ तारण म्हणून ठेवलेली असते. भाडे थकले, भाडेकरूच्या हातून घराचे नुकसान झाले किंवा त्याने भरावयाची बिले राहून गेली, तर घरमालकाला तोशीस लागू नये एवढाच तिचा हेतू. असे देणे नसेल तर घराचा ताबा परत देताच ती रक्कम परत मिळण्याचा हक्क भाडेकरूला प्राप्त होतो.

यातून दुसरी गोष्ट ओघानेच येते. जो कपात करू इच्छितो त्याने कपातीचे कारण दाखविले पाहिजे. नुकसान झाले असे घरमालकाचे म्हणणे असेल तर ते कोणते, केव्हाचे आणि किती रुपयांचे, हे दाखविण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. 'घर खराब केले' एवढे मोघम विधान पुरेसे नाही. घर सोडल्यानंतर घरमालकाने आणखी पैशांची मागणी केली तरी तिलाही हाच नियम लागू आहे. मागणी आली म्हणजे देणे सिद्ध झाले, असे होत नाही.

झीज वेगळी, नुकसान वेगळे

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ हा या विषयातील मूळ कायदा होय. त्याच्या कलम १०८ मध्ये घरमालक आणि भाडेकरू यांचे परस्पर हक्क व कर्तव्ये सांगितली आहेत. ताबा घेताना घर ज्या स्थितीत होते त्या स्थितीत ते ठेवणे व भाडेपट्टा संपताच त्या स्थितीत परत देणे, हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. परंतु याला कायद्याने दोन अपवाद केले आहेत. वाजवी झीजतुटीमुळे झालेला बदल आणि माणसाला आवरता न येणाऱ्या शक्तीमुळे झालेला बदल, यांची जबाबदारी भाडेकरूवर नाही.

वाजवी झीज म्हणजे काय, हे व्यवहारातील उदाहरणांवरून सहज ध्यानात येते. चार वर्षांत भिंतीचा रंग फिका पडणे, स्वयंपाकघराच्या छताला थोडी काजळी धरणे, दाराच्या बिजागऱ्या सैल होणे, पायाखालची फरशी झिजणे, नळाचा वायसर जाणे, पावसाळ्यात भिंतीला ओल येणे ही सर्व झीज होय. कोणीही राहिले असते तरी ती झालीच असती. घरमालकाला दरमहा जे भाडे मिळाले त्यातच या झिजेचा मोबदला अंतर्भूत आहे. याउलट खिडकीची काच फोडणे, फरशीवर जड वस्तू आपटून तडा पाडणे, न विचारता भिंत फोडून कपाट बसविणे, शौचालयाचे भांडे फोडणे हे नुकसान होय व त्याची भरपाई भाडेकरूने केली पाहिजे. वादळाने पत्रे उडाले किंवा अतिवृष्टीने भिंत खचली तर तो भार भाडेकरूवर येत नाही.

नुकसान झाले असले तरी भरपाई किती, हा प्रश्न उरतोच. दहा वर्षांचा जुना पंखा भाडेकरूच्या हातून बिघडला म्हणून नव्या पंख्याची पूर्ण किंमत मागणे रास्त नव्हे. नुकसान झाले ते जुन्या पंख्याचे, आणि भरपाई त्याच्या त्या वेळच्या मोलाची. जी वस्तू दुरुस्त होऊ शकते तिच्या दुरुस्तीचा खर्च मागावा, बदलण्याचा नव्हे.

याच कलमात भाडेकरूच्या उपयोगाची आणखी एक तरतूद आहे. भाडेकरूने स्वखर्चाने बसविलेल्या वस्तू त्याला काढून नेता येतात. आष्टी तालुक्यासारख्या पाणीटंचाईच्या भागात अनेक भाडेकरू पाण्याची टाकी स्वतः विकत घेऊन गच्चीवर बसवितात. पंखे, कूलरची चौकट, दाराची जाळी हीही अशीच उदाहरणे. परंतु या वस्तू ताबा आपल्याकडे असेपर्यंतच काढावयाच्या असतात आणि त्या काढताना घर पूर्वीच्या स्थितीत ठेवावयाचे असते. किल्ल्या दिल्यानंतर आठ दिवसांनी टाकी न्यावयास आलेल्या भाडेकरूची बाजू कायद्याने दुबळी ठरते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. कलम १०८ मधील नियम करारात किंवा स्थानिक रूढीत वेगळे काही नसेल तर लागू होतात. घर सोडताना चुना मारून देण्याची अट करारात लिहिली असेल तर ती पाळावी लागेल. म्हणून सही करण्यापूर्वी करारनामा वाचणे हे भाडेकरूचे पहिले काम आहे.

मराठवाड्यातील भाडे कायदा

मराठवाडा पूर्वी हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे या विभागास हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व भाडेपट्टा) नियंत्रण अधिनियम, १९५४ लागू होता. मुंबईकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा, तर विदर्भात १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश अंमलात होता. एकाच राज्यात तीन कायदे अशी ही स्थिती महाराष्ट्र स्थापनेनंतरही अनेक वर्षे टिकून राहिली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला आणि हे तिन्ही कायदे रद्द झाले. मराठवाड्यात जुन्या कायद्याखाली भाडे नियंत्रकाकडे जाण्याची सवय होती. नव्या कायद्याखालील घरमालक-भाडेकरू वाद मुंबईबाहेर, जेथे लघुवाद न्यायालय नाही तेथे, दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्या न्यायालयात चालतात. म्हणून अनामत रकमेची तक्रार घेऊन तहसील कचेरीत खेटे घालण्यात अर्थ नाही.

भाडे नियंत्रणाच्या तरतुदी कायद्याच्या अनुसूचीत नमूद केलेल्या व पूर्वी जुने भाडे कायदे लागू असलेल्या क्षेत्रांना लागू होतात. आपले गाव त्यात येते किंवा नाही, याची खात्री वकिलांकडून अथवा विधि सेवा समितीकडून करून घ्यावी. जेथे तो कायदा लागू होत नाही तेथेही मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ हे आहेतच. अनामत रकमेचा वाद मुख्यतः या दोन कायद्यांच्या आधारेच सुटतो. त्यामुळे लहान गावातील भाडेकरू निराधार आहे असे मानण्याचे कारण नाही.

जेथे १९९९ चा कायदा लागू आहे तेथे भाडेकरूला पुढील संरक्षण मिळते :

(१) घरमालकाने स्वीकारलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे बंधनकारक आहे. न दिल्यास दर दिवसास शंभर रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

(२) भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केली नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. कसूर करणाऱ्या घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

(३) विरुद्ध करार नसेल तर घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे काम आहे. निदान पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊ शकतो व खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात अशी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये.

यांतील दुसरी तरतूद विशेष महत्त्वाची आहे. 'रंगाचे दहा हजार कापून घ्यावयाचे असे तोंडी ठरले होते' असे घरमालक म्हणत असेल आणि करार नोंदलेलाच नसेल, तर तसे ठरल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो.

एका हिशेबाचे उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक शिक्षक कड्यात चार वर्षे दरमहा ३,६०० रुपये भाड्याने राहिले. अनामत रक्कम १५,००० रुपये होती. करारात एक महिन्याच्या पूर्वसूचनेची अट होती. अचानक बदली झाल्याने त्यांनी पंधरा दिवस आधी सूचना दिली आणि घर सोडण्याच्या दिवसापर्यंतचे भाडे चुकते केले. घरमालकाने पुढीलप्रमाणे कपात केली : रंगकाम ८,००० रुपये, खिडकीच्या फुटलेल्या दोन काचा ६०० रुपये, नळ बदलणे ४५० रुपये, विजेचे बिल ७४० रुपये, साफसफाई १,००० रुपये, आणि अपुऱ्या पूर्वसूचनेबद्दल पूर्ण एक महिन्याचे भाडे ३,६०० रुपये. एकूण कपात १४,३९० रुपये झाली आणि शिक्षकांच्या हाती ६१० रुपये आले.

आता एकेक रक्कम तपासून पाहू. चार वर्षांपूर्वी दिलेला रंग फिका पडला ही झीज होय. मात्र भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांची भोके बुजविण्याचा खर्च भाडेकरूने द्यावा. तो ५०० रुपये धरू. काचा मुलांच्या खेळण्यात फुटल्या, म्हणून ६०० रुपये मान्य. नळ जुना होऊन गळू लागला होता, म्हणून तो खर्च घरमालकाचा. विजेच्या बिलात घर सोडल्यानंतरचेही काही दिवस आहेत. ताबा देण्याच्या दिवशीचा मीटरचा आकडा लिहून ठेवला होता, त्यावरून शिक्षकांच्या वाट्याचे बिल ४१० रुपये निघाले. घर झाडून-पुसून दिले होते, म्हणून साफसफाईचा खर्च नाही.

राहिला पूर्वसूचनेचा प्रश्न. अट मोडली हे खरे. पण घर रिकामे राहिले ते दहाच दिवस. अकराव्या दिवशी नवा भाडेकरू त्याच भाड्याने राहावयास आला. दिवसाला १२० रुपये या दराने घरमालकाचे प्रत्यक्ष नुकसान १,२०० रुपये झाले. तेव्हा वाजवी कपात ५००, ६००, ४१० व १,२०० मिळून २,७१० रुपये होते आणि शिक्षकांना १२,२९० रुपये परत मिळावयास हवेत. ६१० आणि १२,२९० या दोन आकड्यांतील अंतर हेच या विषयाचे महत्त्व सांगते.

करारातील ठोक दंड

काही करारनाम्यांत 'मुदतीपूर्वी घर सोडल्यास संपूर्ण अनामत रक्कम जप्त होईल' अशी अट असते. अशी अट वाचून भाडेकरू मुळात मागणीच करीत नाही. परंतु करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय देते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा ठरते. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अनामत रकमेच्या जप्तीलाही लागू असल्याचे सांगितले. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात नुकसान झालेलेच नसेल तर भरपाईही नाही, हे तत्त्व न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. हे दोन्ही खटले घरभाड्याचे नव्हते, जमिनीच्या व्यवहारांचे होते. तथापि त्यांतील तत्त्व सर्वच करारांना लागू पडते.

त्याच अधिनियमाच्या कलम ७३ वरून आणखी एक गोष्ट निघते. ज्याचे नुकसान होते त्याने ते कमी करण्याचा वाजवी प्रयत्न केला होता की नाही, हेही पाहिले जाते. नवा भाडेकरू दाराशी आला असताना घर मुद्दाम रिकामे ठेवून जुन्या भाडेकरूकडे तितक्या महिन्यांचे भाडे मागता येत नाही.

पुरावा पहिल्या दिवशी तयार होतो

असे वाद कायद्याच्या अज्ञानाइतकेच पुराव्याच्या अभावी हरले जातात. घर घेताना भिंतीला तडा होता की नाही, हे चार वर्षांनंतर कोण सांगणार? म्हणून घरात सामान आणण्यापूर्वीच पुढील गोष्टी कराव्यात.

घराच्या स्थितीची यादी दोन प्रतींत करावी. खोलीवार भिंती, फरशी, दारे-खिडक्या, काचा, नळ, दिवे, पंखे यांची स्थिती लिहावी. तडे, ओल, फुटलेल्या वस्तू यांचा स्पष्ट उल्लेख करावा. दोघांनी सह्या कराव्यात व एकेक प्रत ठेवावी. मोबाईलवर छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी घरमालकाला पाठवावीत, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. विजेच्या मीटरचा आकडा यादीतच लिहावा. अनामत रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी. रोख दिल्यास 'अनामत' हा शब्द असलेली सहीची पावती घ्यावी. घरपट्टी व पाणीपट्टी कोणी भरावयाची, हेही करारात लिहून घ्यावे.

घर सोडताना हीच यादी हाती घेऊन दोघांनी मिळून घर पाहावे. सामान निघाल्यावर रिकाम्या खोल्यांची छायाचित्रे काढावीत. मीटरचा आकडा लिहावा, वीजबिल चुकते केल्याची पावती जपून ठेवावी आणि किल्ल्या दिल्याची तारीखवार ताबापावती घ्यावी. घरमालक सही देण्यास नकार देत असेल तर त्याच दिवशी त्याला संदेश पाठवून ताबा दिल्याचे कळवावे. शेजारच्या दोन माणसांसमक्ष किल्ल्या देणे हाही चांगला उपाय आहे. घाईत 'माझी काही तक्रार नाही' अशा मजकुराच्या कागदावर सही करू नये. थोडीच रक्कम मिळत असेल तर ती घ्यावी, पण पावतीवर 'उर्वरित रकमेचा हक्क राखून' असे लिहावे.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंदी विहित प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून दाखल करता येतात. म्हणून फोन बदलला तरी मूळ संदेश व छायाचित्रे पुसून टाकू नयेत.

मागणीची नोटीस

ताबा देऊन काही दिवस झाले तरी रक्कम मिळत नसेल तर लेखी मागणी करावी. तिला वकील लागतोच असे नाही. पत्रात घराचा पत्ता, राहण्याचा काळ, अनामत रक्कम व ती दिल्याची तारीख, ताबा दिल्याची तारीख, मान्य असलेली कपात, अमान्य असलेली कपात व तिची कारणे, आणि पैसे देण्यासाठी पंधरा दिवसांसारखी मुदत हा मजकूर असावा. प्रत्येक कपातीची बिले दाखविण्याची मागणी करावी. भाषा सौम्य पण निश्चित असावी. आपल्याकडून जे देणे लागते ते आपण होऊन मान्य करणाऱ्याचे म्हणणे ऐकणाऱ्याला पटते. पत्र टपालाने, पोचल्याचा पुरावा राहील अशा रीतीने पाठवावे व त्याची प्रत ठेवावी.

पत्रात व्याजाची मागणी अवश्य करावी. व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे लेखी नोटीशीत व्याज मागितले असेल तर न्यायालय त्या तारखेपासून व्याज देऊ शकते. तसेच मुदतीचे भान ठेवावे. अशा रकमेच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. थकलेल्या भाड्याच्या घरमालकाच्या दाव्यालाही तीन वर्षांचीच मुदत आहे. तोंडी आश्वासनांवर विसंबून ही मुदत घालवू नये.

दाद कोठे मागावी?

पहिला मार्ग समेटाचा. राज्यात २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावोगावी तंटामुक्त गाव समित्या स्थापन झाल्या आणि सामोपचाराने वाद मिटविण्याची प्रथा रुजली. जेथे अशी समिती वा जाणती मंडळी आहेत तेथे वरील यादी व हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा. तडजोड झाली तर ती लेखी व्हावी आणि पैसे देण्याची तारीख तीत असावी.

दुसरा मार्ग लोकअदालतीचा. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधि सेवा प्राधिकरण व तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधि सेवा समिती काम करते. दावा दाखल करण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते. तेथे उभयपक्षांच्या संमतीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो व त्यावर अपील नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार तसेच विहित मर्यादेहून कमी उत्पन्न असलेल्या व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो.

तिसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. कडा परिसरातील नागरिकांना त्यासाठी आष्टीच्या न्यायालयात जावे लागेल. दाव्यास वेळ लागतो, तारखांना यावे लागते. बदली होऊन दूर गेलेल्या माणसाला हे जड जाते. म्हणून पहिले दोन मार्ग मनापासून चोखाळावेत. परंतु तिसरा मार्ग खुला आहे आणि आपले कागद पुरे आहेत, हे समोरच्या पक्षाला ठाऊक असले म्हणजे समेटही लवकर होतो.

पैशांचा हा वाद मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे. तथापि घरमालकाने भाडेकरूचे सामान अडवून ठेवणे किंवा घरास परस्पर कुलूप लावणे हा वसुलीचा कायदेशीर मार्ग नव्हे. धाकदपटशा किंवा मारहाण झाल्यास पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

भाडेकरूचीही कर्तव्ये

हक्कांबरोबर कर्तव्येही येतात. 'अनामतीतून वळते करून घ्या' असे सांगून शेवटच्या महिन्यांचे भाडे थकविण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. घरमालकाची संमती नसेल तर असे करणे योग्य नाही. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून, १९९९ चा कायदा लागू असेल तेथे, ठरलेल्या आकाराच्या दुप्पट दराने भरपाई घेतली जाऊ शकते. न विचारता पक्के बांधकाम करणे, बिले थकवून जाणे, तुटफूट लपविणे यांमुळे भाडेकरूची न्याय्य बाजूही लंगडी पडते. घरमालकांपैकी अनेकजण सधन नसतात, हेही ध्यानी घ्यावे. निवृत्त कर्मचारी किंवा विधवा भगिनी एका खोलीच्या भाड्यावर गुजराण करीत असतात. काटेकोर हिशेब त्यांच्याही हिताचा आहे.

आदर्श भाडे कायदा

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडे कायद्यास मान्यता दिली आणि तो राज्यांकडे पाठविण्यात आला. राज्याने स्वीकारून कायदा केल्याखेरीज तो लागू होत नाही. तरीही करार लिहिताना नमुना म्हणून तो उपयुक्त आहे. राहत्या घरासाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि देणी वजा जाता ती ताबा घेतेवेळीच परत करावी, असे त्यात म्हटले आहे. दुरुस्तीची वाटणीही त्यात दिली आहे. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळजोडणीचे पाईप बदलणे व विजेच्या तारा ही कामे घरमालकाची. गटारे साफ करणे, नळाचे वायसर, विजेची बटणे व खिडक्यांच्या काचा ही कामे भाडेकरूची. नळाच्या वायसरसारख्या किरकोळ बाबीवर वाद होऊ नये म्हणून अशी वाटणी करारातच लिहून ठेवणे हिताचे ठरेल.

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामपंचायतीला या बाबतीत पुष्कळ करता येण्यासारखे आहे. घरस्थितीच्या यादीचा व ताबापावतीचा एक-एक पानी नमुना मराठीत तयार करून पंचायतीच्या कार्यालयात ठेवावा. लिव्ह अँड लायसन्स कराराच्या ऑनलाइन नोंदणीची माहिती सूचनाफलकावर लावावी. तालुका विधि सेवा समितीला विनंती करून कायदेविषयक साक्षरतेचे शिबिर बदल्यांच्या हंगामापूर्वी घ्यावे. अनेक पंचायतींचे स्वतःचे गाळे भाड्याने दिलेले असतात. स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना भाडे नियंत्रण अधिनियम लागू नसला, तरी गाळेधारकाची अनामत रक्कम परत करताना लेखी हिशेब देऊन पंचायतीनेच गावापुढे उदाहरण घालून द्यावे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून मीटरवाचनाचा व हिशेबाचा असा एखादा पाठ करवून घेतला तर तो त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडेल, कारण यांतील कित्येक मुले उद्या पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात भाडेकरू म्हणूनच राहावयास जाणार आहेत.

घर सोडणारा माणूस गावही सोडीत असतो. त्याने तेथे काही वर्षे मुले शिकविलेली असतात, रोग्यांची शुश्रूषा केलेली असते, बँकेत लोकांची कामे केलेली असतात. त्याचा शेवटचा हिशेब चोख झाला तर तो गावाविषयी चांगली भावना घेऊन जातो, आणि त्याच्या जागी येणाऱ्या माणसाला घर मिळणेही सोपे होते. त्यासाठी लागते ती दोन्ही पक्षांच्या सह्यांची एक यादी आणि बिलांसह मांडलेला एक हिशेब.